थंड खोलीचं उघडं दार

१

तोल्कीन दोन-दोन पायऱ्या ओलांडत फळझाडांच्या संस्थेचा जिना चढली. बोळातल्या भिंतीवर दहा वाजलेले. उशीर झाला म्हणून तिनं पाय उचलला, आणि मग आठवलं, अरे हो, हे तर सेइलखान आगायांचं, म्हाताऱ्या गुरुजींचं घड्याळ.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सरकारनं अल्माटीची वेळ एक तास मागे घेतली ना, तेव्हा आगाय त्या घड्याळाखाली खुर्ची टाकून बसले होते. "आमचा सूर्य कोणाला विचारून उगवत नाही," म्हणाले, आणि घड्याळाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून त्या बोळात जुनीच वेळ चालते. सगळ्यांना सवय झालीय. म्हणजे आत्ता नऊच वाजले होते.

ती सुटकेचा निःश्वास सोडणार, एवढ्यात थंड खोलीतून आवाज आला.

"मेला. हा पण मेला. हा पण."

पेरीझात उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर सफरचंदाच्या कलमकाड्यांची जुडी, हातात चाकू. काडीवरचा एकेक डोळा ती उभा चिरत होती. जिवंत डोळा आतून हिरवागार असतो. हे सगळे काळ्या चहाच्या रंगाचे होते.

"काय झालं गं?"

"वरच्या फळ्या बघ."

पुडक्यांवर बर्फाचे गोळे बसले होते. उणे तीसच्या कोरड्या खोलीत असे गोळे कधीच बसत नाहीत. म्हणजे काल कधीतरी खोली तापली, बर्फ वितळला, आणि परत गोठला. डोळा एकदा वितळून परत गोठला की संपला. आणि या खोलीत डोंगरातल्या अशा रानसफरचंदांच्या काड्या होत्या, ज्यांची झाडंच आता राहिली नव्हती. त्यातल्या एका झाडाच्या काड्या पेरीझातनं स्वतः कंबरेला दोर बांधून, दरीत लोंबकळून कापल्या होत्या. महिन्याभरानं ते झाड दरडीखाली गेलं.

मागून टाचांचा आवाज आला. संचालिका गुलबर्शीन; सगळे त्यांना आपाय, म्हणजे ताई म्हणत. त्यांनी फळ्या बघितल्या, मग खाली बसलेल्या पोरीकडे बघितलं.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या. "अहवाल येईपर्यंत आत कोणी जाणार नाही."

"आपाय, खालची फळी तरी तपासू द्या. माझ्या काड्या तिथं..."

"किल्ली."

अहवाल जेवणाच्या आत आला. आणि त्यात जे होतं ते वाचून तोल्कीनच्या दातांखाली पेनचं टोपण फुटलं.

२

अहवाल म्हणजे एक आलेख. खोलीतला तापमापक दर मिनिटाला आकडा नोंदवतो, त्याचा. दुपारी तीन वीसपर्यंत रेघ सरळ. तीन वीसला वर उसळी. चार वाजून गेल्यावर परत खाली.

खोलीची किल्ली एकच. काल जेवणानंतर ती आपायांकडे होती, कारण परदेशातून देणगी देणारे पाहुणे आले होते आणि त्यांना खोली दाखवायची होती. पाहुणे तीनच्या आधीच विमानतळाकडे निघाले. तीन वाजता किल्ली पेरीझातनं आपायांच्या टेबलावरून उचलली, चारला पहारेकऱ्याकडे दिली.

आता तुम्हीच सांगा, बोट कोणाकडे जाणार?

"शुक्रवारी दुपारी तुला कामावरून कमी केल्याचा आदेश निघेल," आपाय म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यांच्या आवाजापेक्षा त्याचं न चढणंच भारी पडतं.

दोघी मैत्रिणी एकाच भाड्याच्या खोलीत राहायच्या. त्या संध्याकाळी चहा तसाच थंड झाला, वर दुधाची साय धरली. तोल्कीन खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"बस ना. मला गरगरतंय," पेरीझात म्हणाली.

"तू सांग परत. पहिल्यापासून."

"किती वेळा? तीनला गेले. दार अर्धवट उघडं. आतून धूर आल्यासारखी थंड वाफ येत होती, म्हणून आधी खालच्या फळीवरच्या माझ्या काड्या आणखी मागे, गारवा टिकतो तिथं सरकवल्या, आणि दार ओढून कडी घातली. मग शेजारच्या खोलीत चिठ्ठ्या लिहीत बसले. चारला किल्ली दिली. झालं."

"आणि कोणाला सांगितलं नाहीस."

"आपायांना फोन केला. उचलला नाही. पाहुण्यांबरोबर गाडीत असतील. वाटलं, दार तर लागलंय, आकडा खाली येतोय, उद्या सांगू." तिनं कप दूर सारला. "आज सांगायला गेले तर अहवाल म्हणतो की मी तीनला आले तेव्हा खोली थंडगार होती. तीन वीसला मी उघडली, आणि चारला जाता जाता गुपचूप लावली. तोल्कीन, कागद खोटं बोलत नाही म्हणतात. मग मी बोलतेय का?"

तोल्कीन खिडकीशी थांबली. तिलाही एक क्षण, एकच क्षण, शंका आली होती. आणि त्या क्षणाची तिला इतकी लाज वाटली की सकाळी सातलाच ती मिनीबसमध्ये जाऊन बसली.

३

पहिला नंबर लागला रुस्तमचा.

रुस्तम पलीकडच्या इमारतीत, संगणकांच्या खोलीत. माणूस असा की चपलासुद्धा फरशीच्या रेघेला लावून काढणार. संस्थेचे सगळे अहवाल 'आर' नावाच्या आकडेमोडीच्या संगणकी भाषेत बनतात, आणि आरचं कसं आहे, ते एकटं काही करत नाही. प्रत्येक कामाला एक पॅकेज, म्हणजे तयार आज्ञांचं पुडकं, त्या पॅकेजला लागतात आणखी चार, त्या चारांना आणखी. एकाचं नवं व्हर्जन आलं की दुसरं रुसतं. तोल्कीननं पूर्वी एकदा उत्साहात एक पॅकेज अपडेट केलं, आणि वर्षभराचे आलेख कोलमडले. तेव्हा रुस्तमनं डबा बनवला. म्हणजे आर, त्याची सगळी पॅकेजं, एकेकाचं व्हर्जन कुलूपबंद करून एका गठ्ठ्यात भरून टाकली. कुठल्याही संगणकावर उघडा, उत्तर तेच. तेव्हापासून आपायांचा नियम: अहवाल फक्त डब्यातून.

"अपडेटबाई आल्या," रुस्तम म्हणाला. "कशाला हात लावू नका, कृपा करा."

"तुझा डबा चुकू शकतो का?"

"माझा डबा बदलूच शकत नाही. चुकायला आधी बदलावं लागतं."

"पेरीझात खोटं बोलणारी नाही."

रुस्तमचा चेहरा जरा उतरला. त्यानं खुर्ची फिरवली. "मला बोलायचं नव्हतं. परवा मी तुमच्या इमारतीत आलो होतो, पाहुण्यांना आलेख दाखवायला दिलेला प्रोजेक्टर परत घ्यायला. बोळ रिकामा. थंड खोलीचं दार फटभर उघडं, आतला उजेड बाहेर पडलेला. वाटलं, असेल कोणी आत. म्हणून गेलो नाही."

"किती वाजले होते?"

"साडेतीन."

"नक्की?"

"घड्याळात बघितलं मी. साडेतीन. आपायांना विचारल्यावर तेच सांगितलं." तो हळूच म्हणाला, "मला पण वाईट वाटतंय गं."

दोन साक्षी. एक यंत्र, एक माणूस. दोघांची ओळख नाही, आणि दोघं एकच सांगतायत. तोल्कीन जिन्यावर येऊन बसली. पाय नाचत होता, थांबेना. आता वाचवणार कशी हिला?

४

सेइलखान आगायांवर तिचा आधीपासून संशय होता. खोटं कशाला बोला? पाहुण्यांना काड्या द्यायच्या नाहीत म्हणून ते बैठकीत भांडले होते. "आमचं सफरचंद जगभर गेलं आणि गोड झालं, आम्हाला काय मिळालं? बाहेरून आलेलं, पिशवीतलं सफरचंद!" असं काहीतरी. त्यांच्या मनात आलं असेल, कोणालाच नको, जाऊ दे...

ते रोपवाटिकेत होते, गुडघ्यावर बसून, रोपाला कलम बांधत.

"आगाय, परवा दुपारी तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. शिकाऊ पोरापोरींना कलम शिकवत होतो, जेवणापासून अंधार पडेपर्यंत. विचार त्यांना, अजून बोटं दुखतायत त्यांची." त्यांनी वर बघितलं. "माझ्यावर संशय घेतेस होय? घे, घे. मी भांडतो दारासमोर. दार उघडं टाकून नाही भांडत. त्या काड्यांतल्या निम्म्या मी तरुणपणी आणल्यात, पोरी."

तोल्कीनचे कान लाल झाले. तिनं मुकाट्यानं सगळं सांगून टाकलं. आलेख, किल्ली, रुस्तमनं बघितलेलं उघडं दार.

"साडेतीनला?" आगायांचे हात थांबले.

"हो. घड्याळात बघून सांगतोय तो."

"कुठल्या?"

"म्हणजे?"

"तो त्या इमारतीतला. आमच्या बोळात येतो कधी? वर्षातून एकदा. कुठल्या घड्याळात बघितलं त्यानं, पोरी?"

तोल्कीन तशीच पळाली. वाटेत एक रोप तुडवलं, मागून आगायांची शिवी आली, तीही ऐकली नाही.

"भिंतीवरचं की फोनमधलं?" ती दारातूनच ओरडली.

रुस्तम दचकला. "भिंतीवरचं. फोन चार्जिंगला होता. का?"

"अरे, ते जुनं घड्याळ आहे. आगायांचं. एक तास पुढे."

"मग तेव्हा अडीच..."

"अडीच. तू दुपारी इतका गुंगलेला असतोस की तुला तास कळत नाही?"

"मला कधीकधी वार कळत नाही," रुस्तम म्हणाला. आणि मग दोघांच्या लक्षात एकदमच आलं.

दार अडीचला उघडं होतं. आणि आलेख म्हणतो, तीन वीसपर्यंत खोली थंडगार. बाहेर एप्रिलचं ऊन, दार फटभर उघडं, आणि जवळजवळ तासभर आतला आकडा हलत नाही?

"असं होऊच शकत नाही," रुस्तम म्हणाला.

"म्हणजे भिंतीवरचं घड्याळ एक तास पुढे, तर..."

"बोलू नकोस."

"तर तुझा डबापण तेवढाच पुढे."

५

रुस्तम भडकला नाही, हेच जास्त वाईट. तो पांढरा पडला. "सिद्ध कर," एवढंच म्हणाला.

तोल्कीननं तापमापकाची मूळ नोंद आपल्या लॅपटॉपवर घेतली. तापमापकाला अल्माटी कळत नाही, तो बिचारा जागतिक वेळ लिहितो. ती आपल्या वेळेत बदलून देतं डब्यातलं आर. तिनं तीच आज्ञावली चालवली. चालली कुठं? एक पॅकेज म्हणे माझं ते काम मी सोडलं. दुसरं म्हणे मला नवं आर द्या. नवं आर दिलं तर तिसरं अडून बसलं. पोटात कावळे ओरडायला लागले, बाउरसाक, कणकेचे तळलेले गोळे, पिशवीतच वाळले. शेवटी एकदाची रेघ आली.

उसळी दोन वीसला. उतार तीन वाजून गेल्यावर लगेच.

"बघ."

"हे तुझ्या लॅपटॉपवर," रुस्तम म्हणाला. "तिथं काय काय व्हर्जनं आहेत तुलाच ठाऊक नाही. दोन यंत्रं, दोन उत्तरं. आपाय कोणाचं ऐकतील? मी आपाय असतो तर तुझं ऐकलं नसतं."

बोलला कडू, पण खरं होतं. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार.

"मग ओळख परेड घेऊ," तोल्कीन म्हणाली. "तुझ्या डब्याची नक्कल काढ. सगळे आत कुलूपबंद. एकेकालाच सोडायचं, नवं व्हर्जन बसवायचं, उत्तर बदलतं का बघायचं. ज्याच्यामुळे बदलेल तो आपला माणूस."

आता रुस्तमच्या डोळ्यांत चमक आली. असल्या कामाला तो जेवण सोडतो.

आलेख काढणारं पॅकेज बदललं. तीन वीस. निर्दोष. फायली वाचणाऱ्याला सोडायला गेले तर तो म्हणे माझ्या मेव्हण्यालाही सोडा, आणि मेव्हण्याच्या भावालाही. सोडले तिघं. तीन वीस.

"आता हा," तोल्कीन म्हणाली. "वेळेचं काम करणारा. पहिल्यापासून माझा याच्यावरच संशय आहे."

बदलला. चालवलं. दोघं पडद्याला नाक लावून.

तीन वीस.

तोल्कीन उठून खिडकीपाशी गेली. नखं संपली होती, आता कातडी कुरतडायला लागली. याच्याशिवाय वेळेला हात लावतंय कोण? कोणीच नाही. सगळी नावं तर संपली.

"सगळी नाही," रुस्तम मागून म्हणाला. अगदी बारीक आवाजात. "आपण मागवलेली संपली. न मागता आलेली राहिलीत."

"म्हणजे?"

"हे वेळेचं पॅकेज स्वतः काही जाणत नाही. कुठल्या शहरात किती वाजले, ते हे दुसऱ्या एका छोट्या पॅकेजला विचारतं. ते याच्या बोटाला धरून डब्यात आलं. मी त्याचं नावसुद्धा कधी वाचलं नसेल. त्याच्या आत दुसरं काही नाही, फक्त जगातल्या शहरांच्या घड्याळांचा तक्ता."

"आणि तू डबा बंद केलास कधी?"

रुस्तमनं डब्याची तारीख उघडून बघितली.

"त्या हिवाळ्यात. सरकारनं वेळ बदलायच्या आधी."

त्यानं ते छोटं पॅकेज नवं बसवलं. बाकी सगळं जसंच्या तसं, कुलूपबंद. चालवलं.

दोन वीस.

"मार्च आला, सगळ्या शहरानं घड्याळं मागे घेतली," तो म्हणाला. "आणि माझा डबा..."

"तुझा डबा आणि सेइलखान आगाय," तोल्कीन म्हणाली. "दोघांनी मिळून धरणं धरलं."

तो हसला नाही. "आपायांना पॅकेजं कळत नाहीत. त्या म्हणतील, आधी एक बोललात, आता दुसरं बोलता. त्यांना असं काहीतरी दाखवायला हवं जे त्यांना स्वतःला माहीत आहे."

६

शुक्रवार. आपायांच्या टेबलावर आदेश टाइप करून तयार, सही तेवढी बाकी. पेरीझात भिंतीला टेकून उभी. सेइलखान आगाय न बोलावता येऊन बसले होते, आणि त्यांना उठवायची कोणाची छाती नव्हती.

"थोडक्यात सांग," आपाय म्हणाल्या.

"एकच विचारते, आपाय. सकाळी तपासणीला थंड खोली कितीला उघडते?"

"नऊला. मी आल्यापासून नऊला. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही."

"पूर्वीपण?"

"पूर्वीपण. काय चाललंय हे?"

तोल्कीननं लॅपटॉप फिरवला. "सकाळी दार उघडलं की रेघेला एक बारीक उंचवटा येतो. रोजचा. रोजच्या अहवालात फक्त दिवसाची सरासरी छापतो, म्हणून तो कोणी बघत नाही. हे डब्यातलं चित्र. हा गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. उंचवटा कुठं आहे?"

"नऊला."

"हा मार्च."

आपायांनी चष्मा लावला. वाकल्या.

"दहाला," त्या म्हणाल्या.

"एप्रिलमध्ये दहाला. मे, जून, थेट पाहुणे आले त्या दिवसापर्यंत, रोज दहाला. म्हणजे एक तर मार्चच्या एक तारखेपासून आपण सगळेच तासभर आळशी झालो..."

"माझ्या हाताखाली? नाही."

"नाहीतर डबा तेव्हापासून तासभर पुढे बोलतोय."

रुस्तम पुढे आला. "चूक डब्याची आहे, आपाय. म्हणजे माझी. मी सगळं कुलूपबंद केलं, त्यात जुनी वेळपण बंद झाली. आणि मी दार बघितलं ते साडेतीनला नाही, अडीचला. भिंतीवरचं घड्याळ मला माहीत नव्हतं."

"सगळ्या संस्थेला माहीत आहे," आगाय म्हणाले.

"मी संस्थेत नसतो, आगाय, मी संगणकात असतो."

तोल्कीननं दुरुस्त केलेला आलेख पुढे सरकवला. "दोन वीसला खोली तापायला लागली. आणि थंड कधी व्हायला लागली बघा. तीन वाजून पाच मिनिटांनी. पेरीझातनं किल्ली उचलली तीनला. बोळ चालून जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मधे आहे. तिनं दार उघडं टाकलं नाही, आपाय. तिनं ते लावलं. ती गेली नसती तर संध्याकाळपर्यंत उघडंच राहिलं असतं."

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो कोणी विचारला नाही. दोन वीसला किल्ली कोणाकडे होती ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. तोल्कीन टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

आपायांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला नाही.

"पाहुण्यांना फोटो हवा होता," त्या म्हणाल्या. "बाईंना थंडी सोसेना, म्हणून दारातच उभं केलं. मीच म्हणाले, दार राहू दे, मागून दिव्याचा उजेड छान पडतोय. मग कोणीतरी म्हणालं उशीर होतोय, आणि सगळे संस्थेच्या संग्रहालयाकडे निघाले, तिथून विमानतळाकडे. मी सगळ्यांत पुढे होते." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "मागे वळून बघितलं नाही. तीन वीस वाचलं, आणि मला बरं वाटलं. खरं सांगते. त्यामुळेच मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

आदेशाचा कागद त्यांनी उलटा करून ठेवला. कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या, स्वतःच्या हातानं. वरच्या अधिकाऱ्यांना. लिहिता लिहिता डाव्या हातानं खण उघडला आणि किल्ली पेरीझातकडे सरकवली.

"खालची फळी," एवढंच म्हणाल्या.

पेरीझात निघाली ती जवळजवळ पळतच. मागे तोल्कीन, तिच्या मागे रुस्तम, आणि सगळ्यांच्या मागे गुडघे सांभाळत आगाय. बोळातून जाताना रुस्तमनं मान वर केली. भिंतीवर एक वाजला होता.

"म्हणजे बारा," तो पुटपुटला.

"शिकतोयस," आगाय म्हणाले.

दार उघडलं. पेरीझात खालच्या फळीखाली हात घालून आडवी झाली, अगदी मागचं पुडकं ओढून काढलं. कागदावर बर्फाचा गोळा नव्हता. पण त्यावरून काही कळत नाही, ते सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं बाहेर येऊन दार लावलं, तिथंच खाली बसली, एक काडी बोटांत धरली. चाकू डोळ्यावर टेकवला, आणि हात थांबला.

"तू कर," ती तोल्कीनला म्हणाली.

"मी संगणकवाली. माझ्या हातून नीट चिरला जायचा नाही."

"मग धर तरी."

तोल्कीननं काडी दोन्ही हातांनी धरली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा पाय नाचत नव्हता. पेरीझातनं पातं हळूच दाबलं. डोळा दोन भागांत उघडला.

आगाय गुडघे विसरून खाली वाकले.

आतून तो हिरवा होता.